चकाकी उतरवून गाडी स्वच्छ करताना

मी विकत घेतलेली गाडी आठ वर्षे जुनी होती. मोठी, काळ्या रंगाची, आतून फिकट बदामी चामड्याची. ताब्यात आली त्या दिवशी ती इतकी चकचकीत होती की तिच्या स्वच्छतेवर आणखी मेहनत घ्यावी लागेल, असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. माझ्याही आले नसते. पण घरी आणताना स्टिअरिंगवरून हात उचलला तेव्हा तळवा तेलकट लागला. थांबून पाहिले, तर डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या बाजू, सीट, टायर आणि बॉनेटखालच्या रबरी नळ्या, या सगळ्यांवर सिलिकॉनचा एकसारखा ओला तजेला चढवलेला होता. विक्रीपूर्वी गाडी अशी सजवतात, हे ऐकून होते. त्या थराखाली काय आहे हे समजायचे असेल, तर आधी तो थरच उतरवायला हवा होता, आणि म्हणून पुढचे चार शनिवार-रविवार मी केवळ या कामासाठी राखून ठेवले.

सुरुवात चाकांपासून केली, कारण सगळ्यात खरखरीत घाण तिथेच असते आणि गाडीचे अंग आधी धुऊन नंतर चाके घासली, तर तीच घाण धुतलेल्या रंगावर उडते. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅड झिजून निघालेले लोखंडाचे तापलेले कण चाकाच्या रंगात रुतून बसतात व पुढे गंजतात. साध्या साबणाने ते निघत नाहीत. त्यासाठी लोखंड विरघळवणारा द्रव मिळतो. चाके पूर्ण थंड आहेत याची खात्री करून मी तो फवारला आणि दोनच मिनिटांत राखाडी दिसणाऱ्या चाकांवरून जांभळे ओघळ वाहू लागले. हा जांभळा रंग म्हणजे द्रवातल्या रसायनाची लोखंडाशी झालेली प्रक्रिया. त्याचा वास उग्र असतो आणि तो वाळू देता कामा नये, म्हणून एक चाक पूर्ण धुऊन झाल्यावरच मी पुढच्या चाकाकडे वळले. चाकांची बादली आणि ब्रश शेवटपर्यंत वेगळे ठेवले.

अंग धुताना दोन बादल्या वापरल्या, एक शॅम्पूच्या पाण्याची आणि दुसरी हातमोजा खळबळून घेण्यासाठी स्वच्छ पाण्याची. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवली होती, म्हणजे मोज्यातून सुटलेले वाळूचे कण खाली बसतात आणि पुन्हा वर येत नाहीत. गाडी सावलीत उभी होती, मी टपापासून खाली येत होते, आणि प्रत्येक भागानंतर मोजा धुऊन घेत होते. हे सगळे नीट जमले. पण गाडी कोरडी करून तिरप्या उजेडात पाहिली तेव्हा माझ्या काळजात धस्स झाले. सकाळपर्यंत आरशासारख्या दिसणाऱ्या काळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे उमटले होते. क्षणभर वाटले की हे माझ्याच हातून झाले. मग ध्यानात आले की विक्रीपूर्वी रंगावर चोळलेले तेलकट पॉलिश या ओरखड्यांत भरून बसले होते आणि शॅम्पूने ते धुऊन निघाले होते. ओरखडे वर्षानुवर्षांचे होते. खरखरीत फडक्यांनी, कोरड्या धुळीवरून गाडी पुसत राहिल्याचे ते चिन्ह होते.

रंगाला हात लावण्यापूर्वी मी त्याची जाडी मोजणारे छोटे यंत्र उसने आणले, आणि मशीनने पॉलिश करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावे असे मला मनापासून वाटते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असतात. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्यावर सगळी चमक अवलंबून असते, तो बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे; ओरखड्याच्या भोवतालचा थर त्याच्या तळापर्यंत झिजवणे होय. एकदा झिजवलेला थर परत येत नाही. बहुतेक पत्र्यांवर मला ११५ ते १३० असे आकडे मिळाले, मात्र मागच्या डाव्या दारावर २४० च्या पुढे आकडा गेला. हे दार कधीतरी पुन्हा रंगवलेले होते आणि विकणाऱ्याने त्याचा उल्लेख केलेला नव्हता. राग आला, पण दाराच्या फटी सारख्या होत्या आणि बिजागऱ्यांचे नट कधी फिरवल्याच्या खुणा नव्हत्या, तेव्हा मी ते केवळ नोंदवून ठेवले. बंपर प्लॅस्टिकचे असल्यामुळे हे यंत्र तिथे चालत नाही. तिथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागली.

धुतलेल्या रंगावरून, पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बोटे फिरवली, तर उघड्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा स्पष्ट कळतो. तो काढण्यासाठी क्ले वापरली. ही मातीसारखी मऊ, चिवट असते. भरपूर ओलावा ठेवून ती हलक्या हाताने सरकवली की रंगात रुतलेले कण ती उचलून घेते. जमिनीवर पडलेला क्लेचा तुकडा पुन्हा वापरू नये, कारण त्यात चिकटलेला एक खडा रंग ओरबाडायला पुरे असतो.

मशीन मी दुहेरी गतीचे घेतले. त्याची गादी स्वतःभोवती फिरता फिरता आसाभोवतीही फिरते, त्यामुळे उष्णता एका ठिकाणी साचत नाही आणि नवशिक्या हाताला ते बरेच क्षमाशील ठरते. पत्र्यांच्या कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून सगळ्या कडा आणि रबरी पट्ट्या कागदी टेपने झाकल्या. मग बॉनेटचा वीतभर चौकोन आखून त्यावर सगळ्यात मऊ गादी आणि सगळ्यात सौम्य पॉलिश लावून पाहिले. पाण्यात सौम्य केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसला, म्हणजे पॉलिशचे तेल निघून जाते आणि उरते ते खरे. साधारण निम्मे ओरखडे गेले होते. एक पायरी कडक गादी घेतल्यावर बहुतेक सगळे गेले, आणि मी तिथेच थांबले. उजव्या दारावर नखाला लागेल इतका खोल ओरखडा आहे. तो घालवायचा तर पारदर्शक थर जवळजवळ संपवावा लागला असता. तो मी तसाच ठेवला आणि त्याची मला मुळीच खंत नाही. शेवटी साधे कार्नौबा मेण लावले. ते काही महिनेच टिकते. पण पुढच्या वर्षभरात रंगाची स्थिती नीट पाहून मगच टिकाऊ लेप लावायचा असे मी ठरवले होते, कारण सिरॅमिकच्या लेपाखाली जे राहते ते लेप उतरवेपर्यंत तिथेच राहते.

आतल्या कामाला त्याहून अधिक वेळ लागला. बदामी सीट चमकत होत्या, आणि हीच चमक त्यांच्या मळकेपणाची खूण होती. आजकालच्या गाड्यांतल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. नवेपणी ते मंद, कोरडे दिसते. त्यावर अंगाचे तेल, घाम आणि धूळ साचत गेली की ते चकाकू लागते. कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवून पाहिला. तो मुरला नाही, गडद डाग पडला नाही, म्हणजे थर शाबूत होता. चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर थेट सीटवर न ओतता मऊ ब्रशवर घेतला आणि वीतभर जागा घेत, फेस काढत, लगेच ओलसर फडक्याने टिपत गेले. फडके चहाच्या रंगाचे झाले. सीटना थंड हवेसाठी बारीक छिद्रे होती, त्यामुळे तिथे ब्रश जवळजवळ कोरडाच ठेवला, नाहीतर पाणी आतल्या पंख्यांपर्यंत उतरते. चालकाच्या सीटच्या बाहेरच्या कडेला जीनच्या कापडाचा निळा रंग चढलेला होता. तो तीन वेळा करूनही पूर्ण गेला नाही, आणि अधिक घासले असते तर चामड्याचाच रंग निघाला असता.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. गिअरभोवतीच्या चकचकीत काळ्या पट्टीवरची धूळ मी सहज कोरड्या फडक्याने पुसली. असे प्लॅस्टिक अतिशय मऊ असते. एका पुसण्यात त्यावर बारीक रेघा उठल्या, ज्या आजही उन्हात दिसतात. अशी पट्टी आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने धूळ उडवून, मग ओलसर मायक्रोफायबरने टिपायला हवी. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनच्या बाबतीत मी हा धडा पाळला.

पण गाडीतला खरा प्रश्न मला वासामुळे कळला. सिलिकॉन निघाले, सुगंधी पुडी काढून टाकली, एसीचा कचऱ्याने भरलेला फिल्टर बदलला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी बंद गाडी उघडल्यावर कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास आला. इतके दिवस तो सुगंधाखाली दडला होता. धाकट्या भावाने टॉर्च धरला आणि मी पुढच्या सीटजवळचा गालिचा कडेने उचलला. वरून तो कोरडा होता, परंतु त्याखालचा जाड फोम दाबताच पाणी आले. अशा गाड्यांत विजेची महत्त्वाची उपकरणे अनेकदा गालिच्याखाली किंवा सीटखाली बसवलेली असतात, त्यामुळे हे पाणी केवळ वासापुरते नव्हते. सीट काढण्याचा मोह मी टाळला. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात आणि त्यांना माहितगारानेच हात लावावा.

पाण्याचा माग सनरूफपाशी लागला. सनरूफची चौकट पाणी पूर्णपणे अडवत नाही. आत शिरलेले पाणी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून, गाडीखाली सोडले जाते. पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतले, तर एका बाजूला चाकामागे धार आली आणि दुसऱ्या बाजूला पाणी तसेच तुंबून राहिले. जोराची हवा मारली तर आतली नळी जोडातून निसटू शकते, म्हणून मी नायलॉनची जाड, लवचिक दोरी पुढचे टोक गुळगुळीत करून सावकाश आत सरकवली. काळा चिखल आणि कुजलेल्या पानांचा लगदा बाहेर आला, आणि पाठोपाठ तुंबलेले पाणी. गालिचा टेकूवर उचलून धरून खाली पंखा आणि हवेतली आर्द्रता शोषणारे यंत्र लावले; फोम कोरडा व्हायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी मागच्या दोन नळ्याही साफ केल्या आणि गाडीच्या स्मृतीत राहिलेले आधीच्या मालकांचे फोन व पत्ते पुसून टाकले.

आता सीट चमकत नाहीत, डॅशबोर्डवर उजेड पडला तर तो परावर्तित होत नाही, आणि गाडी पहिल्या दिवसापेक्षा जुनी दिसते असे पाहुणे म्हणतात. गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला. सकाळी दार उघडून मी आधी श्वास घेतला, मग गालिच्याच्या कडेखाली हात घालून फोम दाबला. हात कोरडा होता.