सॅकच्या तळाशी राहील असा टार्प

पावसाळा जवळ आला की ट्रेकच्या ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो, टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून डोक्यावर छप्पर करायचं वॉटरप्रूफ कापड, कुठला घेऊ? मग कोणीतरी परदेशी व्हिडिओची लिंक टाकतं, त्यात एक माणूस पाइनच्या जंगलात दोन सरळसोट झाडांना दोरी बांधून खाली निवांत कॉफी पीत बसलेला. छानच आहे ते, पण आपल्याकडे तैलबैलाच्या पठारावर तशी झाडं कुठून आणायची? खाली कातळ, वर धुकं, आडवा पाऊस आणि हाताशी फार तर कारवी.

म्हणून हे लिहितोय, आणि फक्त इमर्जन्सीपुरतं. मुक्कामाचा टार्प वेगळा, तो जड असला तरी कोणीतरी वाहतंच. इमर्जन्सी म्हणजे पाय मुरगळला, ओढ्याला पाणी चढलं, वाट चुकली आणि आता उजाडेपर्यंत इथेच. कोणी म्हणेल गडावर गुहा आहेत की, हरिश्चंद्रगडावर आहेत, रतनगडावर आहेत, राजगडाला पद्मावतीचं देऊळ आहे. आहेत ना, पण गुहेपर्यंत पोचलेला माणूस अडकलेला नसतोच, अडकतो तो रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाताना मधेच कुठेतरी. आणि इथे कुठे बर्फ पडतो म्हणून गाफील राहू नका, अंगावरचे कपडे चिंब आणि वर रात्रभर वारा असला की पंधरा-वीस डिग्रीतसुद्धा माणूस गारठून बडबडायला लागतो.

सुरुवात ताडपत्रीपासून, कारण ती घरात असतेच. बाजारात ती जीएसएमवर मिळते, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. १२० जीएसएमची ३ बाय ३ मीटरची ताडपत्री म्हणजे ९ चौरस मीटर, १०८० ग्रॅम, कडेच्या रिंगा आणि दोरी वेगळी. स्वस्त आहे, दणकट आहे, माझं तिच्याशी काहीच वाकडं नाही. फक्त दोन-चार ट्रेक धडधाकट पार पडले की ती घरी राहायला लागते, ह्या वेळी नको, उगाच जड होतं, असं करत करत. तेवढ्याच मापाचा सिलिकॉन कोटिंगवाल्या पातळ कापडाचा टार्प ४०० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि सॅकच्या तळाशी विसरून जाता येतो. हलका टार्प घ्यायचं माझ्या मते हे एकच खरं कारण, बाकी वजन मोजत बसायची हौस ज्याची त्याने करावी.

कापडात दोन मुख्य प्रकार, सिलनायलॉन आणि सिलपॉली, म्हणजे सिलिकॉन कोटिंग केलेलं नायलॉन आणि तसंच पॉलिएस्टर. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैलावतं, संध्याकाळी टणक ताणलेला टार्प मध्यरात्री मधे पोट काढून बसतो आणि त्यात पाणी साठतं, म्हणजे कोणाला तरी उठून दोऱ्या परत ओढाव्या लागतात. पॉलिएस्टरचं हे फार कमी होतं. फाटायला नायलॉन थोडं जास्त चिवट हे खरं, पण आपल्या पावसाला माझं मत सिलपॉलीला. वॉटरप्रूफ रेटिंग, म्हणजे किती उंच पाण्याच्या दाबापर्यंत कापड झिरपत नाही, ते १५०० ते २००० मिलिमीटर असलं की छपरासाठी बास, ५००० च्या मागे लागू नका. नुसतं पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग असलेला घेणार असाल तर तो दमट हवेत घडी करून माळ्यावर टाकलात की काही वर्षांत चिकट होतो आणि वास मारतो, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच. डायनिमा नावाच्या चिवट धाग्याचा टार्प सगळ्यात हलका, ओला होऊन सैल पडत नाही, पण किंमत ऐकून घाम फुटतो आणि घासणं, टोचणं त्याला फारसं मानवत नाही, करवंदीच्या जाळीत मी तो उलगडणार नाही. ती चंदेरी स्पेस ब्लँकेट असते ना पन्नास-साठ ग्रॅमची, ती पण ठेवा, टार्पच्या आत जखमी माणसाला गुंडाळायला. छप्पर म्हणून वाऱ्यात तिच्या चिंध्या होतात. पोंचो-टार्प, म्हणजे रेनकोट आणि टार्प दोन्ही एकातच, तोही मला पटत नाही, ऐन पावसात अंगावरचा काढून त्याचंच छप्पर करायचं म्हणजे आधी स्वतः भिजायचं.

माप चार-पाच जणांना दाटीवाटीने बसायला ३ बाय ३ मीटर, दोघांना २ बाय ३ चालतं. पण विकत घेताना लोक कापडाकडे बघतात आणि कडा बघतच नाहीत! चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि जमलं तर पाठीवर, म्हणजे टार्पच्या मधोमध, एक-दोन, एवढ्या ठिकाणी शिवलेले पट्टीचे लूप हवेत, त्यामागे दुहेरी कापड हवं. धातूच्या रिंगा पातळ कापडातून उपटून येतात. लूप तुटलाच तर कापडात लिंबाएवढा गोल खडा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधायची, काम होतं.

दोऱ्या घरीच बांधून ठेवायच्या, ३ मिलिमीटरच्या, टॉर्चच्या उजेडात चमकणाऱ्या. २ मिलिमीटरची हलकी पडते पण गारठलेल्या बोटांना तिची गाठ सुटत नाही. आणि लांब ठेवा, कोपऱ्याला दोन मीटर तरी, कारण कातळात पेग, म्हणजे तंबूची खुंटी, जात नाही, दगडच वापरायचे. दोरी लहान दगडाला बांधायची आणि त्याच्या पुढे, टार्पच्या बाजूला, दोरीवरच मोठा धोंडा ठेवायचा, लहान दगड त्यामागे अडकतो आणि ओढ बसली तरी सुटत नाही. फक्त दगडाची धारदार कड दोरीवर येत नाही ना ते बघा.

उभं राहता येईल असं काही करायला जाऊ नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे वाऱ्याकडची कड थेट जमिनीला टेकवायची आणि समोरची काठीवर कमरेइतकी, बास. कड्याच्या टोकापासून लांब, तिथे वारा खालून वर येतो, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघितलेल्यांना सांगायला नको. नाळेत, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीत, आणि ओढ्याच्या पात्रात तर अजिबात नाही, कितीही आडोसा वाटला तरी. परतीच्या पावसात विजा असतील तर टार्पचा त्याला शून्य उपयोग, सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उघड्या धारेवरून, खाली उतरणं आधी. आणि काहीच बांधता आलं नाही तर सगळ्यांनी सॅकवर चिकटून बसायचं, टार्प डोक्यावरून घ्यायचा, कडा बुडाखाली दाबायच्या, श्वासाला एक फट ठेवायची आणि आत स्टोव्ह पेटवायचा नाही.

राहिला रंग. दुकानात हिरवे आणि मिलिटरी छापाचे जास्त दिसतात, फोटोत झकास येतात, पण पावसाळ्यातल्या डोंगरात हिरवा टार्प शोधायला आलेल्यांना शंभर मीटरवरून दिसायचा नाही. नारिंगी बघा, नाही मिळाला तर पिवळा.