राखेच्या वावरात झेंडू

दोन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचं पाणी नाल्यातून आमच्या वावरात घुसलं. नागपूर जिल्ह्यात नाल्याकाठी आमचं अर्धा एकर आहे. पाणी ओसरलं तेव्हा पऱ्हाटीच्या बुडाशी करडा थर बसला होता, वाळला की पिठासारखा उडायचा. तो खरवडून काढला. पण मातीत मुरलं त्याचं काय?

मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या सरकारी अहवालात, 12 बाबी असतात. राखेतून येणारे शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू त्यात नसतातच, ती तपासणी वेगळी करून घ्यावी लागते. नमुन्यासाठी लोखंडी खुरपं चालत नाही, म्हणून बांबूच्या कामटीनं वीतभर खोलीची माती काढली. दोन्ही धातू जास्त निघाले. कृषी महाविद्यालयातल्या मॅडम म्हणाल्या, इथे खाण्याचं काही घेऊ नका, झेंडू लावा. झेंडूची मुळं कॅडमियम ओढतात आणि ते झाडात साठतं. नाल्याच्या तोंडाशी कर्दळ लावली.

लावणं सोपं होतं. खरं काम उपटण्याचं. धातू मुळांत आणि पाल्यातही असतो, मूळ तुटलं की तो जमिनीतच राहतो. काळी माती सुकली की दगड होते, म्हणून वाफसा धरून, माती ना चिखल ना कोरडी असताना, एकेक झाड दोन्ही हातांनी ओढलं, मुळाची माती तिथंच झटकली. शेजारच्या बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण केलं.

मोठी माय हळहळली, "एवढी फुलं दसऱ्याले नेली असती तं चार पैसे आले असते बाप्पा!" मी नाही नेली. विकलेलं फूल उकिरड्यावर जातं, तिथून खतात आणि खतातून कोणाच्या तरी वावरात. जाळायचाही प्रश्न नव्हता; धातू जळून संपत नाही, राखेत उरतो नाहीतर धुरात जातो.

दोन हंगामांनंतर कॅडमियम थोडं उतरलं. शिसं होतं तिथंच आहे. आमच्या मातीचा सामू (pH) 8 च्या वर, ती शिसं घट्ट धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही. मला आधी वाटलं होतं एका दसऱ्यात वावर मोकळं होईल. अवंदा तिसऱ्यांदा रोपं टाकली आहेत.

वाळलेली झाडं पोत्यांत भरून पत्र्याच्या खोलीत फळ्यांवर ठेवली आहेत, पोत्यांवर लाल रंगाची फुली. ती कुठे न्यायची हे विचारणारा अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे.