बरगे कोण घालतो, बरगे कोण काढतो

कोल्हापूर जिल्ह्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना नदी आडवी आली, तर ती पुष्कळदा बंधाऱ्यावरून ओलांडावी लागते. नदीच्या पात्रात दगडी खांबांची एक रांग, खांबांना उभ्या खाचा आणि वरून वाहन जाईल एवढी वाट, इतकेच त्याचे रूप असते. पावसाळा सरला की खाचांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसवले जातात, बरग्यांच्या दोन ओळींमध्ये माती भरली जाते आणि वाहती नदी टप्प्याटप्प्याने अडवली जाते. पुढच्या पावसाच्या आधी तेच बरगे काढून काठावर रचून ठेवतात, म्हणजे पुराचे पाणी आणि त्याच्याबरोबर येणारा गाळ अडून न राहता पुढे निघून जातो. पाटबंधाऱ्यांच्या सरकारी कागदपत्रांत याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ असे नाव आहे आणि त्या नावासह तो महाराष्ट्राच्या दूरदूरच्या नद्यांवर बांधला गेला आहे.

विज्ञान आणि तंत्रज्ञान यांमुळे माणसाचे जगणे खरोखर बहरते का, या प्रश्नाचा विचार करताना मी दरवेळी या बंधाऱ्यापाशी येऊन थांबतो. मी रसायनशास्त्र शिकवतो, आमची थोडी शेती भोगावती नदीच्या काठी आहे आणि राहायला मी शहरात आहे. त्यामुळे पाण्याची ही सगळी व्यवस्था मला तिन्ही बाजूंनी दिसते. या निरीक्षणातून माझे एक मत बनले आहे. एखादे तंत्र ज्यांच्या आयुष्यात शिरते, त्यांना ते समजत असेल, हाताळता येत असेल, बिघडल्यावर नीट करता येत असेल आणि ते केव्हा चालू ठेवायचे, केव्हा थांबवायचे हे ठरवताना त्यांचे म्हणणे विचारात घेतले जात असेल, तर ते तंत्र साधे असूनही माणसाला मोठे करते. यातले काहीच नसेल, तर तेच तंत्र सुबत्ता आणते, पण माणसाचे जगणे मात्र आक्रसून टाकते.

राधानगरी धरणाची गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही तिचा एक भाग सांगायचा राहून जातो. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरण बांधण्याचे काम हाती घेतले. संस्थानाचा आवाका पाहता ते अचाट धाडस होते, आणि पैशाअभावी रखडत गेलेले ते काम महाराजांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी, स्वातंत्र्योत्तर काळात पूर्ण झाले. ज्या राजाने हे धरण योजले, त्यानेच १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ही कामे आपण वेगवेगळ्या प्रकरणांत शिकतो: एक सिंचनाच्या, दुसरे सामाजिक न्यायाच्या. मला ती एकाच कामाची अंगे वाटतात. धरणाने शेतात पाणी येईल. पण त्या पाण्याचा हिशेब वाचणारा, सोसायटीच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करणारा आणि अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारणारा कुणबी शाळेतूनच येणार होता. धरण बांधून शाळा काढली नसती, तर पाणी आले असते आणि ते कोणाच्या ताब्यात गेले असते, हे सांगायला फार विचार करावा लागत नाही.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे हा आमच्याकडे अजूनही कौतुकाचा विषय आहे. जलाशय काठोकाठ भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट, म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी नदीत पडू लागते. पावसाळ्यात ‘राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळीकडे ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या जिल्ह्यातल्या सिंचनाचे वेगळेपण असे की धरणाचे पाणी मोठ्या प्रमाणावर नदीतूनच खाली सोडले जाते, बंधारे ते टप्प्याटप्प्यावर धरून ठेवतात आणि काठावरचे शेतकरी ते उपसून घेतात. उपसायचे म्हणजे इंजिन हवे, पंप हवा, आणि तो बंद पडला तर त्याच दिवशी दुरुस्त करणारा माणूस हवा. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीने केले. फारसे शिक्षण नसलेल्या, पण हातात आणि डोळ्यांत विलक्षण कसब असलेल्या मिस्त्रींनी ऑइल इंजिन उघडून पाहिले, त्याचा एकेक भाग ओतला, घासला, बसवला आणि हळूहळू इथल्या फौंड्र्यांचे ओतकाम देशभरातल्या गाड्यांमध्ये जाऊ लागले. कोल्हापूरच्या भरभराटीत या उघडून पाहण्याच्या हक्काचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते. आज शेतात बसवल्या जाणाऱ्या कित्येक उपकरणांच्या पेट्या सीलबंद असतात. त्या उघडल्या की हमी संपते आणि बिघडल्या की कंपनीच्या माणसाची वाट पाहत उभे पीक वाळते. यंत्रात सुधारणा झाली आणि यंत्रापुढे उभा असलेला माणूस मात्र लहान झाला, असे त्या वेळी वाटल्यावाचून राहत नाही.

आता विजेविषयी लिहितो, कारण माझ्या घरात या विषयाइतके जागरण दुसऱ्या कशानेच झालेले नाही. ऑइल इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली तेव्हा सगळ्यांचेच कष्ट वाचले. पण शेतीला मिळणारी थ्री फेज वीज आळीपाळीने येते: काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास. रात्रपाळी असली की माझे तात्या हातात बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारे धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी वळवायला, जात. उसाच्या सरीत घोणस असते, मण्यार असते, आणि डोंगराकडच्या गावांत गव्याची भीती वेगळीच. तात्या परतेपर्यंत काकी जाग्या असत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही धारा काढायच्या असत, डेअरीला दूध घालायचे असे. मोटार तीच, वीज तीच, ऊस चांगला, बिलही वेळेवर जमा होत असे. जमाखर्चाच्या वहीत पाहिले तर त्या कुटुंबाची प्रगतीच झाली होती. परंतु ज्याला आयुष्यातल्या अर्ध्या रात्री झोपेविना काढाव्या लागतात, त्याच्या आयुष्याला बहरलेले म्हणणे मला जमत नाही. विजेचे वेळापत्रक आखताना शहराची आणि कारखान्यांची मागणी मोजली गेली, शेतकऱ्याची झोप कोणत्याही रकान्यात बसली नाही.

पुढे मोबाइलवरून चालू होणारे स्टार्टर आले. तात्यांनी तो बसवला, तेव्हा गावातले लोक पाहायला आले होते. त्याने नदीकाठच्या मोटारीपर्यंतची फेरी वाचली, हे खरे आहे आणि मला त्याचे मोल कमी लेखायचे नाही. पण मोटार अंथरुणातून सुरू करता आली, तरी पाटाचे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला कोणीतरी शेतात हवेच असते. खरा दिलासा दोन गोष्टींनी मिळतो: ठिबकने, आणि दिवसा मिळणाऱ्या विजेने. सौर प्रकल्पांची वीज शेतीच्या वाहिनीला जोडून दिवसा पुरवण्याची योजना राज्यात सुरू आहे. सूर्य दिवसाच असतो, त्यामुळे या एका बाबतीत यंत्राची सोय आणि माणसाची सोय जुळून आली आहे. ही योजना गावोगाव नीट पोहोचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मुबलक पाण्याची दुसरी बाजू शिरोळ तालुक्यात दिसते. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या कुशीतली ती काळी, खोल जमीन. पाणी भरपूर, ऊस वर्षानुवर्षे, आणि निचरा मंद. पिकाला लागते त्याहून अधिक पाणी दिले गेले, तसे भूजल वर चढत गेले. जमिनीच्या सूक्ष्म छिद्रांतून ते पृष्ठभागाकडे खेचले जाते, उन्हाने वाफ होऊन निघून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. वर्षामागून वर्षे हे चालले की जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो, आधी ऊस खुंटतो आणि शेवटी गवतही नीट उगवत नाही. कागदोपत्री बागायतदार असलेल्या कुटुंबांवर क्षारपड रानाकडे पाहत मजुरीला जाण्याची वेळ आली. त्यांना पाणी मिळाले होते. पाणी किती द्यावे याचे ज्ञान मात्र पाण्याच्या मागोमाग आले नाही.

यावरचा उपाय याच तालुक्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला, आणि तो मला फार शिकवून गेला. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे घातले. साचलेले खारे पाणी या पाइपांतून मोठ्या नळाला मिळते आणि तिथून नाल्यात जाते. पावसाने व सिंचनाने क्षार धुतले जातात आणि पड जमीन पुन्हा पिकू लागते. या तंत्रात गुंतागुंतीचे काही नाही. अडचण वेगळीच असते. माझ्या रानातले पाणी बाहेर काढायचे, तर मोठा नळ शेजाऱ्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या बांधाखालून न्यावा लागतो. ज्या भावकीत बांधाच्या वीतभर जागेवरून दोन पिढ्या कोर्टात गेल्या, तिथे शेकडो खातेदारांची संमती मिळवणे हे पाइप पुरण्यापेक्षा कितीतरी अवघड काम होते. म्हणून त्या हिरव्या झालेल्या रानांचे श्रेय मी मृदाविज्ञानाइतकेच रात्ररात्र चाललेल्या गावबैठकांनाही देतो.

शहरात आले की हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. कोल्हापूर पंचगंगेच्या काठी वसले आहे, पण शहराला पिण्याचे पाणी देण्यासाठी काळम्मावाडी धरणापासून सुमारे ५० किलोमीटर लांबीची थेट पाइपलाइन टाकावी लागली. ती व्हावी म्हणून लोकांनी अनेक वर्षे आंदोलने केली, आणि २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास ते पाणी आले तेव्हा झालेला आनंद खरा होता. मलाही तो झाला. तरीही एक विचार पाठ सोडत नाही. नदी खराब झाली म्हणून आम्ही दुसरीकडचे चांगले पाणी आणले, आणि आमचे सांडपाणी जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून जिकडे जात होते तिकडे जाणे काही पूर्णपणे थांबलेले नाही. खाली इचलकरंजी आहे. तिथे २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. त्याच्याही खाली शिरोळ तालुक्यातली गावे आहेत, जिथे उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगताना दिसतात. इथे आमचा लाडका बंधाराही निर्दोष राहत नाही: बरगे घातलेले असले की प्रवाह थांबतो, मैला साचतो, पाण्यातला प्राणवायू संपतो, मग वरच्या धरणातून पाणी सोडून ती घाण पुढे ढकलण्याची मागणी होते. ज्या तंत्राने आपण संकटातून स्वतःपुरते बाहेर पडतो, ते तंत्र संकट आहे तिथेच ठेवते आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्यांची संख्या मात्र कमी करते.

या नदीच्या बाबतीत एक गोष्ट आपण उत्तम केली आहे, ती म्हणजे पुराचा आकडा. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पाणीपातळी, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पातळी ५५ फुटांच्या वर गेली, चिखली आणि आंबेवाडी ही गावे पाण्याने वेढली गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. त्या दिवसांत दर काही तासांनी येणाऱ्या पातळीच्या संदेशावर लोकांनी जनावरे हलवली, म्हाताऱ्यांना उचलून नेले, तळमजल्यावरचे धान्य माडीवर चढवले. नदीत उभी केलेली एक मोजपट्टी आणि तिचे वाचन सर्वांना विनाविलंब सांगण्याची सवय, एवढ्या साधनाने किती जीव वाचले असतील याची गणती करता येणार नाही. विज्ञान लोकांचे होते म्हणजे काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मग नदीच्या प्रकृतीचा आकडा तसाच का सांगितला जाऊ नये? पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ पासून वापरात आहे आणि आमच्या प्रयोगशाळेत पदवीचे विद्यार्थी ती करतात: नमुना घ्यायचा, त्यात रसायने घालून प्राणवायू बांधून ठेवायचा, आम्ल घालून आयोडीन मोकळे करायचे आणि स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडायचे. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात आपल्या हवामानात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. माशांसाठी किमान ४ आणि आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आपल्या देशात ठरवलेली आहे. ३९ आणि ४३ लक्षात ठेवणाऱ्या जिल्ह्याला ४ आणि ५ लक्षात ठेवणे जड जाणार नाही.

नदीकाठच्या तालुक्यांत महाविद्यालये आहेत, त्यांत रसायनशास्त्राचे विभाग आहेत, आणि ऑक्टोबरात बरगे घातल्यापासून जूनमध्ये ते काढेपर्यंतचा काळ बहुतांशी शैक्षणिक वर्षातच येतो. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या बंधाऱ्यांवर नमुने घेऊन त्याच संध्याकाळी तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि लोकांच्या फोनवर पोहोचवता येईल. यंदा बरगे घातले गेले की राजाराम बंधाऱ्यापासून तेरवाडपर्यंत ज्या महाविद्यालयांतील सहकारी तयार असतील, त्यांच्याबरोबर मी हे काम सुरू करणार आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते हे मोजण्याच्या चाचणीच्या, गडद रंगाच्या बाटल्या, एक थर्मामीटर आणि आपल्या वर्गातली मुले बरोबर आणावीत. उरलेली रसायने आमच्या विभागातून देण्याची व्यवस्था मी करतो.