व्याख्यानातले सांधे : कोकण रेल्वेवरच्या भाषणाच्या नोंदी

कोकण रेल्वेवरचं माझं पाऊण तासाचं व्याख्यान या पावसाळ्यात पुन्हा बांधायला घेतलंय. मजकूर जवळपास तोच आहे. काम चाललंय ते सांध्यांवर, म्हणजे एक मुद्दा संपून दुसरा सुरू होतो त्या दोन-तीन वाक्यांवर. बोलण्याचा नाद असलेल्या मंडळींना उपयोग होईल म्हणून कुठवर आलोय ते लिहितो.

व्याख्यानाचे चार भाग आहेत : पैसा, बोगदे, पावसाळा आणि आजची स्थिती. बहुतेक वक्ते अशा जागी ‘आता आपण बांधकामाकडे वळू या’ म्हणतात. वाक्य शुद्ध आहे, सभ्य आहे, पण ते वक्त्याच्या सोयीचं आहे. ते कानावर पडलं की सभागृह सैलावतं, खोकले सुरू होतात, मागच्या रांगेत मोबाइल निघतात. पुढे का जायचं याचं कारण श्रोत्याला मिळालेलं नसतं. माझं ठाम मत झालंय की ते कारण विषयातच असतं, ते तिथेच शोधावं लागतं.

पहिला सांधा त्यातूनच सुटला. पैशाच्या भागात 1990 साली स्थापन झालेलं महामंडळ येतं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस मूळचे मंगळूरचे, अर्थमंत्री मधू दंडवते राजापूरचे अनेक वर्षांचे खासदार. केंद्राच्या जोडीला महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचं भागभांडवल, बाकी मोठी रक्कम कर्जरोख्यांतून. आता हा भाग मी असा संपवतो : ‘रोखे विकले की व्याज सुरू होतं. गाडी धावत नाही तोवर कमाई मात्र शून्य. त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना अंगावर येणार होता. आणि उशीर करायला समोर डोंगर उभे होते.’ एवढं बोलून थांबतो. मग पडद्यावर करबुड्याचा बोगदा येतो, उक्षी आणि भोके या स्थानकांमधला, साडेसहा किलोमीटरचा. पैसा आणि दगड यांचा संबंध मला वेगळा सांगावा लागत नाही.

चित्राचा क्रम इथे फार महत्त्वाचा ठरला. सांध्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत चित्र बदललं तर लोक बघायला लागतात आणि वाक्य वाया जातं. म्हणून आधी वाक्य, मग श्वासभर शांतता, मग चित्र. पाण्याचा घोटही सांध्यावर घेत नाही, भागाच्या मधे कुठेतरी घेतो.

दुसरा सांधा सध्या माझ्या सगळ्यात आवडीचा आहे. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याची लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, करबुड्याच्या पावपटही नाही. पण आत भिजलेली मऊ माती. खणावं की पुन्हा ढासळे. माणसं गेली. उत्तरेकडून रोहा ते वीर आणि दक्षिणेकडून मंगळूर ते उडुपी हे तुकडे 1993 मध्येच सुरू झाले होते, पण सलग मार्ग खुला व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडला. इथे मी दामयमकासारखं करतो, मागच्या चरणाचा शेवट पुढच्या चरणाच्या तोंडी देतो : ‘माती हटली, बोगदा झाला, उरलं ते पाणी. पाणी दर जूनला परत येतं.’ आणि लगेच 2024 चा जुलै, याच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या अडकल्या होत्या तो. तिथून पावसाळी वेळापत्रक, उतरवलेला वेग, दरडींवरच्या जाळ्या, रात्रीच्या पावसात रुळांवरून चालणारे गस्तवाले, सगळं आपोआप ओढलं येतं. एका ज्येष्ठ नागरिक संघात ‘उरलं ते पाणी’वर थांबलो, तर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मोठ्याने विचारलं, ‘मग?’ त्या एका शब्दाने मला जेवढं शिकवलं तेवढं टाळ्यांनी कधी शिकवलं नाही.

हे सगळं मी कीर्तनातून उचललंय. पुण्याला गेलो की सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात बसतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं, मग नामाचा गजर, बुवांना बुक्का आणि हार, आणि नंतर उत्तररंगाचं आख्यान. एवढा मोठा खंड पडूनही धागा तुटत नाही. नीट ऐकलं तर दिसतं की पूर्वरंग सिद्धान्त मांडून थांबतो आणि तो खरा करून दाखवायचं आख्यानावर सोपवतो. गजर ओसरतो, पेटीवर सूर धरलेलाच असतो, आणि बुवा आख्यानाचं पहिलं वाक्य त्या सुरावरच, जरा खालच्या पट्टीत टाकतात. लोक पुढे सरकतात. शेवटी सगळं फिरून मूळ पदावर, म्हणजे पूर्वरंगात निरूपणाला घेतलेल्या पदावर येतं.

मूळ पदासारखं माझ्याही भाषणात एक वाक्य धरलंय : ‘हे कसं परवडलं?’ पैशाच्या भागानंतर त्याचा अर्थ व्याज असतो, पेडण्यानंतर माणसं, पावसाळ्यानंतर वेळ. वाक्य तेच ठेवतो, आवाज दर वेळी थोडा उतरवतो. इतर कुठल्याही युक्तीपेक्षा याने भाषण एकसंध झालं.

पाठांतराबद्दल थोडक्यात. अख्खं भाषण पाठ करत नाही, सांधे मात्र अक्षरशः पाठ करतो. एका कार्डावर प्रत्येक भागाचं शेवटचं आणि पुढच्याचं पहिलं वाक्य, बस. सराव शेवटच्या सांध्यापासून मागे येत करतो, कारण दमलेला आवाज तिथेच असतो.

तिसरा सांधा अजून बसायचाय. पावसाळ्यातून आजच्या स्थितीकडे यायचं आहे, म्हणजे 2022 मध्ये पूर्ण झालेलं विद्युतीकरण आणि बहुतांश अजूनही एकेरी असलेला मार्ग. विजेवरून शिरलो तर बातमीपत्र वाचल्यासारखं वाटतं. कालच गणपतीवरून एक जोड लिहिला : ‘पावसाळी वेळापत्रक उठायच्या आत गणपती येतात. गाड्यांचा वेग उतरलेला असतो आणि गर्दी वर्षातली सगळ्यात मोठी. समोरून येणाऱ्या गाडीसाठी बाजूला उभं राहायचं ते याच दिवसांत.’ इथून एकेरी मार्ग सरळ समोर येतो. पुढच्या महिन्यात एका वाचनालयात हा वापरून बघणार आहे. फक्त क्रॉसिंगची आकृती वाक्यानंतर दाखवायची की इथे अपवाद करून आधी, ते ठरत नाही. ज्यांना नकाशा घेऊन बोलायची सवय आहे त्यांनी आपला अनुभव जरूर सांगा.