सेपियातली सुरंगी

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत एका घराच्या ओटीवर मी कॅमेरा तिथल्या आजींच्या हातात दिला आणि त्याच्या मागच्या पडद्यावरचा जास्वंदीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडदा पार नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "चेडवा, सुकलेला फूल कित्याक काढलंस? दारात ताजी असत मगे."

ते फूल त्याच सकाळी त्यांच्याच दारात उमललेलं होतं. लालभडक, पाकळ्यांवर अजून दव. पण मी ते सेपियात काढलं होतं, आणि आजींच्या लेखी तपकिरी फूल म्हणजे सुकलेलं फूल. मला त्या वेळी काही उत्तर सुचलं नाही. हे सगळं लिहायला बसले ते त्या प्रश्नामुळेच.

वेंगुर्ल्याला गेले होते मार्चच्या पहिल्या आठवड्यात. रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, पुढे एसटी. पाच दिवस होते. त्यातला एक दिवस रेडी आणि शिरोड्यात गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बाकी सगळा वेळ फुलांना दिला. कोकणातल्या बागांमधली फुलं सेपियात काढायची, एवढंच ठरवून निघाले होते. ओळखीतल्या प्रत्येकाने विचारलं, एवढ्या रंगीत फुलांचे रंग का घालवायचे?

याचं मूळ बाबांच्या स्टुडिओत आहे. साताऱ्यात आमचा छोटा स्टुडिओ होता आणि मागच्या बाजूला अंधारखोली. कोणी लग्नाचा फोटो 'तपकिरी करून' मागितला की बाबा काळा-पांढरा प्रिंट नीट धुऊन घ्यायचे आणि पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइडच्या पिवळ्या पाण्यात सोडायचे. ट्रे हलवता हलवता नवरा-नवरी फिकट पडायची. चेहरे जायचे, मुंडावळ्या जायच्या, कागदावर पिवळसर सावली तेवढी उरायची. मी लहान होते, दर वेळी पोटात गोळा यायचा. मग प्रिंट धुऊन दुसऱ्या ट्रेमध्ये, सोडियम सल्फाइडच्या पाण्यात. कुजक्या अंड्यांचा वास अंधारखोलीभर सुटायचा, आणि काही सेकंदांत तीच दोघं तपकिरी होऊन परत यायची. कागदावरच्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड झालेलं असायचं, आणि ते साध्या चांदीपेक्षा जास्त टिकतं. बाबा म्हणायचे, "हा फोटो आता नातवंडं बघतील." सेपिया म्हणजे जुनाट दिसणं, हे मी कधीच मानलं नाही. आमच्या घरात सेपिया म्हणजे टिकणं होतं.

पहिल्या दोन रात्री समुद्राजवळच्या एका रिसॉर्टवर राहिले. नाव लिहीत नाही. बाग पाहूनच खोली घेतली होती. फोटोत हेलिकोनिया, बोगनवेल, चाफा, चिऱ्याची कुंपणं, सगळं सुंदर दिसत होतं. सकाळी सहाला कॅमेरा घेऊन बाहेर आले तर माळ्याने बाग झाडून लख्ख केलेली. चाफ्याखाली एक फूल शिल्लक नाही. मला पडलेली फुलंच हवी होती, कारण चाफा झाडावर असतो त्याहून जमिनीवर जास्त बोलका असतो. मी म्हटलं, उद्या तेवढं झाडाखालचं ठेवाल का? तो बिचारा अवघडला. "पाहुणे कचरो म्हणतत," म्हणाला. पोहण्याच्या तलावाजवळ एक बुंधा दिसला, कापून महिनाही झाला नसेल. बकुळीचा होता. फुलं आणि पानं पाण्यात पडतात म्हणून तोडली. ज्या बकुळीची फुलं आपल्या आज्या वर्षानुवर्षं लुगड्यांच्या घडीत ठेवायच्या, ती तलावाच्या निळ्या फरशीसाठी तोडायची! मला इतका राग आला की नाश्ता गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी आरवलीला एका घरगुती खोलीत राहायला गेले. गरम पाणी बंबाचं, पंखा आवाज करणारा, पण परसात पडलेलं फूल संध्याकाळपर्यंत पडलेलंच. मला तेवढंच हवं होतं.

किनाऱ्यावर फुलं काढायची वेळ फार थोडी मिळते. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे असतात, दिवस चढला की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. या दोन्हींच्या मध्ये, सकाळी साधारण तासभर, हवा अगदी पडलेली असते. नारळाची झावळीसुद्धा हलत नाही. जवळून फूल काढायचं तर तो तास हातचा घालवू नये. मी पहिल्या दिवशी तो घालवला. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला, आणि दमट हवेत भिंगावर असं धुकं धरलं की ते निवळेपर्यंत वारा सुटला. पुढचे दिवस कॅमेऱ्याची पिशवी रात्री पडवीतच ठेवली.

जास्वंदीने मात्र खूप छळलं. डोळ्यांना लाल फूल हिरव्या पानांतून उठून दिसतं, पण रंग काढून घेतला की तो लाल आणि तो हिरवा जवळजवळ एकाच छटेचे निघतात. पहिल्या पंधरा-वीस फोटोंत फूल पानांत बुडून गेलं होतं. मग कॅमेऱ्यातले फिल्टर बदलून पाहिले. लाल फिल्टरने पाकळ्या पांढुरक्या झाल्या, पानं काळी. दिसायला छान, पण ती जास्वंद वाटेना. हिरवा फिल्टर लावला आणि पाकळी गडद, मखमली झाली, शिरा पोटातून वर आल्या. मधला दांडा पुढे झुकलेला, त्याच्यावर परागांचे पिवळे दाणे उजळ ठिपक्यांसारखे, आणि टोकाला पाच गोल, केसाळ टिकल्या. इतक्या वर्षांत देवाला वाहिलेल्या जास्वंदींमध्ये त्या पाच टिकल्या मी कधी मोजल्या नव्हत्या. जुन्या काचेच्या प्लेटांना तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे त्या काळच्या फोटोंत लाल फूल काळंच येई. हिरव्या फिल्टरने माझी जास्वंद त्या प्लेटांच्या जवळ गेली.

प्रत्येक फुलाला सेपिया मानवत नाही. अबोलीचे मी तीन फोटो काढले आणि थांबले. जिच्या नावाने आपण एक रंग ओळखतो, तिचा तोच रंग काढून घेणं बरोबर नाही. तपकिरीत ती नुसती चिंधी दिसते. उलट बोगनवेल रंगात मला कधी फारशी आवडली नव्हती, भिंतीभर भडक गुलाबी, झालं. सेपियात उन्हासमोर धरली तेव्हा कळलं की ती रंगीत पानंच आहेत, कागदासारखी पातळ, आणि त्यांच्या शिरांची जाळी पिंपळाच्या जाळीदार पानाइतकी नाजूक. तीन पानांच्या पोटात तीन इवली पांढरी फुलं, खरी फुलं ती. चाफ्याचं तर सोनंच झालं. पाच पाकळ्या एकमेकींवर भोवऱ्यासारख्या वळलेल्या, मधला पिवळा कडेपर्यंत पांढऱ्यात विरघळत जातो, आणि सेपिया ती विरघळण सगळी धरून ठेवतो. मार्चमध्ये झाडावर पान नसतं, नुसत्या जाड फांद्या आणि टोकाला फुलांचे झुबके.

चौथ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात गेले, ते माकुल हा समुद्री जीव बघायला. सेपिया हा शब्द मुळात ग्रीक, आणि त्याचा अर्थच माकुल. तिच्या पोटातल्या शाईपासून चित्रकार तपकिरी रंग करायचे, पुढे फोटोच्या रंगाला तेच नाव चिकटलं. बाबांच्या ट्रेमध्ये माकुल कधी नव्हती, पण नाव तिचंच. कोकणात माकुल म्हणून दोन-तीन जाती विकतात. मला हवी होती ती पाठीत पांढरं, हलकं कवच असलेली, जे किनाऱ्यावर वाहून आलं की आपण समुद्रफेन म्हणतो. कोळीण बाईंना म्हटलं, मला मासा नको, त्याची शाई हवी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, मग सुरीच्या टोकाने चंदेरी पिशवी अलगद उचलली आणि माझ्या वहीच्या पानावर टेकवली. काळा ठिपका पडला. मी बोट ओलं करून तो पसरला, आणि काळ्याच्या कडेने तपकिरी उमटत गेला. हुबेहूब तोच. बाबा असते तर त्या पानाचा वास घेत बसले असते. बाई पैसे घेईनात म्हणून अर्धा किलो माकुल घेतली आणि खोलीच्या काकूंना दिली. रात्री तिचं सुकं खाल्लं, झणझणीत, वर सोलकढी.

आता आजींकडे वळते.

मी खरी आले होते सुरंगीसाठी. सुरंगी आपल्या सह्याद्रीच्या मुलखातलीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते, आणि फुलते ती अशी की पानांत फूल शोधावं लागत नाही. जुन्या, खरखरीत फांदीच्या सालीवरच कळ्यांचे घोस चिकटलेले असतात, मोत्यांचे दाणे थापावेत तसे. ऊन लागून कळी उमलली की गजऱ्याला कामाची राहत नाही, म्हणून पहाटेच झाडावर चढून कळ्या काढतात. आजींच्या नातवाने शिडी लावली तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. वास आधी आला, झाड नंतर दिसलं. मधाचा वास, पण त्यात काहीतरी उष्ण. आणि मधमाश्यांचा असा गुंजारव की झाडच घुमतंय असं वाटावं. खालच्या एका फांदीवर चार-पाच कळ्या उमलल्या होत्या. मागे दुमडलेल्या पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध केसरांचा पिवळा गोंडा. तो गोंडा मी जवळून काढला. सेपियात एकेक केसर वेगळा दिसला, निबने ओढलेल्या रेघेसारखा. त्या पाच दिवसांतला माझा सर्वांत आवडता फोटो तोच.

नऊच्या सुमारास आजी ओटीवर कळ्यांचे वळेसार, म्हणजे गजरे, करत बसल्या होत्या. तेव्हा मी फोटो दाखवला आणि तो प्रश्न आला. मी अडखळत बाबांचं सांगू लागले, दोन ट्रेंचं, तपकिरी होण्याचं. त्या ऐकत होत्या की नाही, कळेना. मग त्या उठल्या, माजघरातून तसबीर काढून आणली, पदराने पुसली. लग्नातला फोटो. तपकिरी, कडेने पिवळा पडलेला. मी पाहताक्षणी ओळखलं, हा मुद्दाम केलेला सेपिया नव्हे. घाईत धुतलेला प्रिंट आहे, आत हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, राहून गेलंय, आणि समुद्राकाठच्या दमट हवेने इतक्या वर्षांत त्याला तपकिरी केलंय. बाबांनी एका नजरेत सांगितलं असतं. पण मी बोलले नाही, कारण आजी फोटोवर बोट ठेवून रंग सांगू लागल्या होत्या.

"ह्या लुगडा हिरवा होता. चुडो हिरवो. ह्यो शालू नाय, शेलो, तांबडो. हेंचो कोट काळो, तो मागून आणलेलो." बोट सरकत सरकत केसांपाशी आलं. तिथे अंबाड्यावर एक जाडसर माळ होती. "आणि ही सुरंगी." क्षणभर थांबल्या. "ह्या फोटोत सुरंगी तेवढी खरी दिसता. सुकली काय अशीच दिसता ती. वास मातर ऱ्हवता."

मग त्यांनी देवघरातून कालचा वळेसार आणला आणि तसबिरीच्या काचेवर त्या माळेशेजारी ठेवला. एका रात्रीत सुरंगी पिवळ्यावरून काळपट तांबूस झाली होती. फोटोतली आणि ही, दोन्ही एकाच रंगाच्या. वास खरंच तसाच होता, थोडा अधिक गाढ. सून चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली होती, तीही वाकून बघू लागली. मला त्याचा फोटो काढायचा होता, पण कॅमेरा आजींच्या मांडीवर होता आणि तो मागावासा वाटला नाही.

निघताना त्यांनी तो सुकलेला वळेसार कागदात गुंडाळून माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत घातला. पाया पडले, पत्ता लिहून घेतला, फोटो पाठवते म्हणाले. कॅमेरा मूळ फाइलमध्ये सगळे रंग जपून ठेवतो, सेपिया हा फक्त वरचा थर, हे मी त्यांना सांगणार होते. त्याची गरज पडली नाही. शिरोड्याकडून येणारी एसटी वळणावर दिसली तसं त्यांनी ओटीवरूनच ओरडून सांगितलं,

"सुरंगी तुझी तुका ठेव. माका जास्वंद धाड. पण तांबडी धाड हां!"