अडीचशे ग्रॅमच्या आतले पाच कांदे : यंदाच्या प्रदर्शनाची नोंद

मंडळी, आमच्या अलॉटमेंट सोसायटीचं (भाजीपाला पिकवायला भाड्याने घेतलेल्या छोट्या प्लॉटवाल्यांच्या मंडळाचं) उन्हाळी प्रदर्शन परवाच्या शनिवारी झालं. ठिकाण इंग्लंडमधलं लेस्टर, जमीन भारी चिकणमाती. माझ्याकडे अर्धा प्लॉट आहे. इथल्या जुन्या मापात तो पाच रॉड भरतो, आपल्या हिशेबात सव्वा गुंठा. यंदा चार वर्गांत नाव दिलं होतं, पण वर्षभर जीव अडकला होता तो एकाच वर्गात : 'कांदे, पाच नग, प्रत्येकी २५० ग्रॅम किंवा कमी'.

ज्यांनी या वर्गात कधी भाग घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या कांद्यांचा वर्ग वेगळा असतो, तिथे डोक्याएवढे कांदे येतात आणि गर्दी त्यांच्याभोवती जमते. पण माझ्या मते खरी परीक्षा या छोट्या वर्गात आहे. आकार, रंग, मान, बूड असे पाचही कांदे एकसारखे हवेत. पाचांतला एक जरी २५१ ग्रॅम भरला, तरी अख्खी ताटली बाद. परीक्षक कार्डावर 'एन.ए.एस.' लिहितात, म्हणजे नियमाप्रमाणे नाही. गेल्या वर्षी माझ्या कार्डावर हेच आलं. घरून निघताना पुन्हा वजन केलं नव्हतं, चूक माझीच.

मी निफाडकडची, कांद्यात वाढलेली. म्हणून पहिल्या वर्षी हौसेने गावाकडच्या एन-२-४-१ या कांद्याच्या वाणाचं बी इथे पेरलं होतं. सगळी गोल्टी, म्हणजे बारीक कांदे निघाले. कारण नंतर कळलं. आपला कांदा कमी लांबीच्या दिवसाचा. नाशिकला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, इथे तो जवळजवळ सतरा तासांचा. दिवस बारा तासांपलीकडे गेला की आपल्या कांद्याला वाटतं, आता पोसायची वेळ झाली. तेव्हा इथल्या रोपाला धड चार पाती फुटलेल्या नसतात. पात नाही तर कांदा कशावर पोसणार? पुढच्या वर्षी बाजारातली कांदी, म्हणजे लावणीचे छोटे कांदे लावले, तर वसंतातल्या थंडीच्या झटक्यांनी निम्मे डेंगळे झाले, म्हणजे पोसण्याऐवजी फुलाचा दांडा काढून बसले.

यंदा व्हेंटो या इथल्या वाणाचं बी घेतलं. इथली जुनी रीत २६ डिसेंबरला कांदा पेरायची, तशीच पेरणी केली. रोपं खिडकीत, दिव्याखाली. ती सुरुवातीला दोरा दुमडल्यासारखी वाकून वर येतात आणि मग सरळ होतात. रोज सकाळी चहा घेऊन मी त्यांच्यापाशी उभी. एप्रिलमध्ये गादीवाफ्यावर वीस सेंटीमीटर अंतराने लागवड केली. साध्या वाफ्यात लावत नाही, कारण आमच्या मातीत पांढरी सड हा कांद्याचा बुरशीचा रोग आहे आणि ती एकदा आली की वर्षानुवर्षं जमिनीत राहते. मे-जूनमध्ये गोगलगायी आणि पाणी, एवढंच काम.

जुलैपासून दोरीचा खेळ. २६ सेंटीमीटरची सुतळी कापून खिशात ठेवली होती. कांद्याच्या पोटाभोवती तिची टोकं जुळली की कांदा उपटायचा. वाळून आणि वरचा एखादा पापुद्रा काढून तो २४०-२४५ ग्रॅमवर येतो. ४० रोपांतून या मापाचे १९ कांदे मिळाले. ते धुऊन, टाल्कम पावडर लावून लाकडाच्या भुशात खोक्यात ठेवले. तीन आठवड्यांनी बाहेर काढले तेव्हा रंग असा एकसारखा मधासारखा आला होता, की मी ते ओळीने ओट्यावर मांडून नुसती बघत बसले.

शुक्रवारी रात्री निवड. १९ मधून नऊ, नऊमधून पाच. माना दुमडून राफियाने (ताडाच्या पानांच्या धाग्याने) बांधल्या, मुळं बुडाशी साफ कापली. सकाळी आठला हॉलमध्ये पोचले, सोबत काटा होता. २४३, २४१, २४४, २४३, २४२. पाइपच्या कापलेल्या कड्यांवर मांडून मी बाहेर पडले, मग दोनपर्यंत आत प्रवेश नाही.

दोन वाजता माझ्या ताटलीपाशी निळं कार्ड होतं. दुसरा नंबर! पहिला शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांना, आणि तो रास्त होता. परीक्षक तिथेच होते, मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्या डावीकडून तिसऱ्या कांद्याच्या मानेवर अंगठा ठेवला आणि मला तसंच करायला सांगितलं. मान किंचित दबत होती. आजोबांचे पाचही लाकडासारखे टणक.

शेवटी लिलावात माझे चार कांदे दिले, तो तिसरा घरी आणून उभा चिरला. मानेत मधले दोन पापुद्रे अजून हिरवट, ओले. रात्री गावाकडे अप्पांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मान पडली होती का?"

नव्हती. कांदा तयार झाला की पात मानेतून आडवी होते, तेच मान पडणं. गावाकडे निम्म्या माना पडल्याशिवाय कोणी कांद्याला हात लावत नाही. मी मात्र सुतळी जुळली की उपटत गेले. जाड मान वाळायला वेळ लागतो, आणि भुशाच्या खोक्यात तिला वारा मिळाला नाही.

"मग माप आलं की काय करू, अप्पा? थांबले तर अडीचशेच्या वर जातो."

"दाट लाव. दाटीत तो तेवढाच पोसतो आन् मान टाकतो."

तर पुढच्या वर्षी असं करणार : २० ऐवजी १५ सेंटीमीटर अंतर, अर्धी रोपं २६ डिसेंबरची आणि अर्धी जानेवारीच्या मधल्या आठवड्यातली, दोन्हींच्या ओळी वेगळ्या. काढल्यावर आधी दहा दिवस शेडमध्ये टांगून माना वाळवायच्या, भुसा त्यानंतर. कोणी १५ सेंटीमीटरवर व्हेंटो लावला असेल, तर मान कोणत्या आठवड्यात पडली ते जरूर सांगा. बी मागवलं आहे.