आटे नसलेली लेन्स आणि केदारेश्वराच्या पाण्यात गेलेला पोलरायझर

"रात्री रिंग चिकटवा, सकाळी निघा, काही होत नाही." पुण्यातल्या दुकानदाराच्या या वाक्यावर विसंबून मी अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड चढलो.

कॅमेरा सोनीचा आरएक्स१००, तोही पहिला, २०१२चा. खिशात मावतो म्हणून ट्रेकला हाच. पण लेन्सच्या तोंडाला आटेच नाहीत, फिल्टर फिरवून बसवणार कशावर? पुढे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मॉडेलात निदान एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा काळसर फिल्टर, आतच दिलाय. पहिल्याच्या नशिबी तोही नाही. मग लेन्सच्या कडेवर एक पातळ धातूची रिंग डकवायची आणि तिच्यावर चुंबकाने धरणारे फिल्टर लावायचे. रिंग, सहा स्टॉपचा (म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारा) एनडी आणि चकाकी काढणारा पोलरायझर मिळून साडेचार हजार गेले.

टोलार खिंडीपर्यंत नेहमीचंच. वरचा रेलिंगचा कातळटप्पा ओला होता. तिथे कॅमेरा सॅकमध्येच हवा. माझा गळ्यात होता, रेलिंगवर दोनदा आपटला.

केदारेश्वराची गुहा. चार खांबांपैकी एकच शाबूत, मधोमध पिंडी, भोवती कमरेइतकं गारढोण पाणी. पाण्यावरची चकाकी मारून तळ दिसावा, एवढ्यासाठी पोलरायझर आणलेला. पाण्यात उतरलो, लेन्स बाहेर आली, फिल्टर लावला, जरा फिरवला आणि डुबुक! रिंगसकट गेला. डिंक तेवढा लेन्सवर राहिला.

पुढची वीस मिनिटं मी पायाच्या बोटांनी तळ चाचपत पिंडीभोवती फिरत होतो. काठावरचे एक काका अस्वस्थ होऊन म्हणाले, "अहो, शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालतात!" फिल्टर सापडला, रिंग नाही.

घरी येऊन रिंगेच्या चिकटपट्टीचं वेष्टन वाचलं. पूर्ण पकड यायला 72 तास, तेही कोरड्या जागी! मी दिले होते आठ, पुण्यातल्या दमट हवेत. तेव्हा रिंग लावायचीच तर निघण्याआधी तीन दिवस लावा. आधी लेन्सची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग तिथे बोट लावू नका. रिंग आतल्या बाजूला सरकली तर लेन्सवरची झाकणाची पाती अडकतात, म्हणून कॅमेरा चालू-बंद करून बघा. पोलरायझर फिरवताना दुसऱ्या हाताने रिंग धरा, नाहीतर सगळा पीळ लेन्सच्या नाजूक नळीवर येतो. आणि पाण्याची चकाकी सरळ खाली बघून जात नाही. पाण्याच्या पातळीशी साधारण 37 अंशांचा कोन साधला तरच तळ उघडतो.

कोकणकड्यावरची संध्याकाळ छान गेली. सोनकीही फुलली होती.

दुसऱ्या दिवशी पाचनईकडे उतरताना ओढ्यावर रिंगेविना एनडी वापरला. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस आधी करून मॅन्युअलवर टाकलेला, दोन सेकंदांचा टायमर, आणि फिल्टर चक्क हाताने लेन्ससमोर धरलेला. लेन्सला टेकवायचा नाही, पण फटही केसाएवढीच ठेवायची. मागून उजेड शिरून फिल्टरवर चमकू नये म्हणून मानेवरचा काळा पंचा वरून टाकला. ढगाळ उजेडात आयएसओ 125, एफ 11 या सेटिंगला जिथे शटर 1/40 सेकंद उघडं राहत होतं, तिथे दीड सेकंद राहिलं. पाणी अगदी दुधासारखं! अख्ख्या ट्रेकमधला सगळ्यात भारी फोटो हाच. लेन्स पूर्ण वाइड ठेवली तर कोपरे काळे पडतात, थोडं झूम करा.

माझं मत विचाराल तर पावसाळ्यात रिंगेच्या भानगडीत पडूच नका. एक एनडी, एक पंचा, बास.

दुकानात जाऊन हे सगळं सांगितलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "पण पावसात कशाला नेलात?"